बाळाला घेऊन हॉटेलात जेवायला : अनुभव लिहा

सासऱ्यांची पंचाहत्तरी आहे. घरची सगळी मंडळी जमणार आणि आमची कन्या आठ महिन्यांची. नणंदबाईंनी टेबल सांगितलंय रात्री नऊचं! आमची बाई साडेसातलाच पेंगायला लागते. ज्यांनी हे दिव्य पार पाडलंय त्यांनी सविस्तर लिहा. 'घरीच करा काहीतरी' हा सल्ला मिळून झालाय.

पेठेतली
आधी नऊ बदलून घ्या. संध्याकाळी हॉटेल उघडलं की लगेच जाऊन बसायचं. वेटर निवांत असतात, भात ताजा असतो, एसी अजून अंगावर येत नाही. रविवारी सकाळी फर्ग्युसन रस्त्यावर 'वैशाली'च्या दारात नंबर लावून, कडेवर पोर घेऊन उभं राहायची हौस मला नाही. आम्ही मधल्या वारी दुपारी साडेतीनला जातो. पोराला इडली कुस्करून, सांबार त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर.

ठाणेकर
बाळाची ऑर्डर सगळ्यांच्या आधी द्या, सूपबिप नंतर. पण 'फिक्कं करा' म्हटलं की मिरची तेवढी जाते, मीठ तसंच राहतं, आणि वर्षाच्या आत वरून मीठ-साखर नकोच म्हणतात. म्हणून मी मुगाची मऊ खिचडी डब्यात नेते. एका ठिकाणी मॅनेजर म्हणाले, बाहेरचं खाणं चालत नाही. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, दात येऊ द्यात, मग तुमचंच खाईल." मॅनेजर हसले आणि वाटीभर गरम पाणी पाठवून दिलं.

रंकाळा
आमच्यात पाळी असते. एकानं जेवायचं, दुसऱ्यानं पोराला घेऊन बाहेर चक्कर मारायची. तांबडा रस्सा गार झाला की त्यात राहिलं काय? आमच्याकडं खरा धोका आजोबांचा. पांढऱ्या रश्श्यात बोट बुडवून नातवाच्या तोंडाकडं! "चाखू दे की रं, काय हुतंय!" अहो आबा, त्यात काजू आहेत, तीळ आहेत, वर मिरी. शेवटी त्यांनाच पोराशेजारनं उठवून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. थोडे रुसले, पण मटण आलं आणि विसरले.

कोपनहेगनहून
इथे बाळं कॅफेच्या बाहेर बाबागाडीत झोपतात, थंडीतसुद्धा. आई-बाप आत काचेपाशी. आमची आई नागपूरहून आली तेव्हा मी तसंच केलं. आई कॉफी टाकून बाहेर, गाडीचा दांडा धरून पहाऱ्याला! येणारेजाणारे तिला विचारायचे, काही मदत हवी का. लेक आत-बाहेर सगळीकडे झोपते, आजीच झोपत नाही.

आजी, सातारा
रंकाळा, तुमचे आबा एकटे नाहीत. पंगत मोठी असली की जो तो बाळाला काहीतरी भरवतो. एक माणूस नेमा, त्याच्या हातूनच खाणं. मध वर्षाच्या आत अजिबात नको, कोणी कितीही बाळकडूच्या गोष्टी सांगोत. शेंगदाणे आणि बिलासोबत येणारी बडीशेप लांब ठेवा, घशात अडकते.

मालवणी मुंबईकर
दुपटं बदलायला जागा बहुतेक ठिकाणी नसतेच, गाडीची मागची सीट हेच आमचं टेबल. अंगावर पाजायचं असेल तर भिंतीकडे तोंड करून बसता येईल असा कोपरा आधीच मागून घ्या. काचेचे ग्लास, सुरी आणि गरम तवा ठेवायची जागा आपणच ठरवायची, वेटरला ते सुचेलच असं नाही. लहान मुलांची उंच खुर्ची आली तर तिचा पट्टा तपासा, अर्ध्या खुर्च्यांना तो नसतोच. उठताना खाली सांडलेला भात मी टिश्यूने गोळा करते आणि टिप जरा बरी ठेवते. आमच्या नेहमीच्या ठिकाणचे वेटरमामा आता आम्ही दिसलो की न विचारता बिनमसाल्याचा मऊ भात सांगून टाकतात.