'बॉर्डर'ला मराठीत नक्की काय म्हणायचं?

मुंबईच्या आर्टिस्ट शिल्पा गुप्ता यांचं २००५-०६ चं एक काम आहे, 'देअर इज नो बॉर्डर हिअर'. पोलीस लावतात तसली पिवळी पट्टी, तिच्यावर हेच वाक्य परत परत छापलेलं आणि त्या पट्ट्या चिकटवून भिंतीवर झेंडा केलाय. एका लेखासाठी त्या वाक्याचं मराठी करायला बसले आणि अडकलेच. 'इथे सीमा नाही' म्हटलं तर भूगोलाचा पेपर वाटतो, 'इथे हद्द नाही' म्हटलं तर कोणीतरी निर्लज्जपणा करतंय असं. सुचवा ना काहीतरी.

— सरहद्द?

— सरहद्द म्हटलं की थेट जवान आणि बर्फ. त्यापेक्षा हद्द इतक्यात सोडू नका ताई, 'हे आमच्या हद्दीत येत नाही' ऐकत मी सायकल चोरीला गेली तेव्हा दोन चौक्या हिंडलोय, आणि तुमची ती पट्टीही पोलिसीच आहे की!

— शीव घ्या. सीमाचंच झालेलं रूप आहे, मुंबई बेटाची हद्द जिथे संपायची ते शीव, पुढे त्याचं सायन झालं. पण आता शीव म्हटलं की लोकांना स्टेशनच आठवतं, तेव्हा राहू दे.

— आमच्याकडे खरा शब्द बांध. सीमा ही नकाशावरची रेघ, तिला जाडी नसते. बांधाला असते, त्यावर बाभळ उगवते, आणि तो कोरता येतो. शेजारी दर पेरणीला नांगराचं एक तास, म्हणजे एक ओळ, जास्त घेतो, चार वर्षांत हातभर बांध गायब, मग मोजणी आणि कोर्ट. या शिल्पाबाईंचंच दुसरं एक काम आहे, '१:१४.९', भारताच्या पश्चिम आणि वायव्य सीमेवरचं २००७ अखेरचं ११८८.५ मैल कुंपण, त्या लांबीला १४.९ नं भागून तेवढा दोरा हातानं गुंडाळून अंड्यासारखा गोळा केलाय. त्याला कुंपणच म्हणायला हवं, सीमा म्हटलं तर तार दिसत नाही.

— बांध मस्तच, पण झेंड्यावर बांध?? 

— बरं मग 'इथे कोणाचीच हद्द नाही' कसं वाटतं? 'कोणाचीच' घातलं की निर्लज्जपणा जातो आणि पोलीस राहतात.

— हे घेते. मूळ वाक्यात 'कोणाची' नाहीये म्हणून एडिटर कुरकुरणार, ते बघते मी.