मंडळाच्या टीशर्टसाठी लोगो कसा द्यायचा? प्रिंटवाला एक सांगतो, एम्ब्रॉयडरीवाला दुसरंच

गिरणगावकर:
नमस्कार मंडळी, करी रोडला आमचं छोटं मंडळ आहे, यंदा 50वं वर्ष, म्हणून कार्यकर्त्यांसाठी 120 काळे गोल गळ्याचे टीशर्ट प्रिंट करायचेत आणि कमिटीच्या 25 जणांना मॅटीचे (जाळीदार विणीच्या कापडाचे) कॉलरवाले, त्यावर डाव्या छातीवर लोगो एम्ब्रॉयडरी. लोगोत मधे बाप्पा, मागे गिरणीची चिमणी, भोवती गोलात मंडळाचं पूर्ण नाव, खाली स्थापना वर्ष, आणि मागे केशरीतून पिवळ्यात जाणारा शेड. ज्या मुलाने बनवला त्याचा लॅपटॉप कधीच गेला, मूळ फाईल कोणाकडेच नाही, माझ्याकडे फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेली जेपीजी. प्रिंटवाला म्हणतो कोरलची (कोरलड्रॉ या डिझाइन सॉफ्टवेअरची) फाईल द्या. मी ऑनलाइन जेपीजीची पीडीएफ करून दिली तर म्हणतो हे तेच आहे. एम्ब्रॉयडरीवाला म्हणतो फाईल कुठलीही चालेल पण नाव काढा, अक्षरं येणार नाहीत. आता नाव कसं काढू, 50 वर्षं ज्यांनी मंडळ चालवलं ते काका लोक काय म्हणतील. आणि गेल्या वर्षी बॅनरवर "स्‌थापना" असं पाय मोडून छापून आलेलं, ते परत नकोय. नक्की काय करायचं?

कोरलवाला_दादर:
दादा, पीडीएफ केली म्हणून व्हेक्टर (रेषांनी काढलेलं, कितीही मोठं केलं तरी न फाटणारं चित्र) होत नाही, फोटो पाकिटात घातला एवढंच झालं. ती पीडीएफ उघडून 800 टक्के झूम करून बघा, कडा पायऱ्यांसारख्या दिसल्या की समजायचं आत फोटोच आहे. छातीवर 10 इंची प्रिंट 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) काढायची तर 3000 पिक्सेल रुंदी लागते, फॉरवर्ड होऊन आलेल्या फोटोत एवढी सहसा मिळत नाही. म्हणून तो लोगो कोणाकडून तरी पेन टूलने हाताने परत काढून घ्या, ऑटो ट्रेस (सॉफ्टवेअर आपणच कडा ओळखून काढतं ते) नको, लहान फोटोवर ट्रेस मारला की सोंडेच्या कडा ओबडधोबड येतात आणि काना मात्रा एकमेकांत विरघळतात.

तुमचं "स्‌थापना" झालं ते फॉन्टमुळे. समोरच्या मशीनवर तो फॉन्ट नसेल किंवा कोरल जुनं असेल तर मराठी जोडाक्षरं फुटतात, सगळीकडे हाच त्रास आहे. उपाय सोपा, अक्षरं सिलेक्ट करून कंट्रोल क्यू, म्हणजे कर्व्ह झाले, मग ती अक्षरं राहत नाहीत, आकार होतात आणि कुठेही उघडा तशीच दिसतात. पण कर्व्ह केल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून आधी दोघातिघांनी वाचा आणि कर्व्ह न केलेली एक कॉपी स्वतःकडे ठेवा. सीडीआर, म्हणजे कोरलची फाईल, जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून मागा, सोबत पीडीएफ.

120 पीस आहेत तर स्क्रीन प्रिंट करा. प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन लागते आणि काळ्या कपड्यावर आधी खाली पांढरा बेस मारावा लागतो नाहीतर पिवळा मेल्यासारखा दिसतो, म्हणजे पांढरा, केशरी, पिवळा, तीन स्क्रीन. शेड काढून दोन सपाट रंग करा, शेड ठेवला तर बारीक ठिपके पाडून करावा लागतो आणि काळ्यावर बेसशी ते ठिपके जुळवणं फार नाजूक काम आहे. डीटीएफमध्ये (फिल्मवर छापून गरम प्रेसने कपड्यावर चिकटवतात ते) शेड मस्त येतो, रंगांचं बंधन नाही, 10-20 पीसला मी स्वतः तेच सुचवतो, पण 10 इंची भरीव गोल डीटीएफने छातीवर लावला की तेवढ्या भागाला हवा लागत नाही, विसर्जनाच्या दिवशी 14 तास रस्त्यावर असणाऱ्या पोरांचा विचार करा.

सुईदोरा:
एम्ब्रॉयडरीवाला बरोबर बोलतोय, फक्त त्याने कारण सांगितलं नाही. मशीन चित्र वाचत नाही, आधी कोणीतरी बसून टाका कुठून सुरू, कुठल्या दिशेने, कुठे थांबणार हे सगळं ठरवतं, त्याला आम्ही पंचिंग म्हणतो आणि त्यातून डीएसटी फाईल निघते. छातीवरचा लोगो साधारण 3 इंचाचा. त्या गोलात तुमचं पूर्ण नाव बसवलं तर अक्षर 3 मिलिमीटरचं होईल. इंग्रजीला 5 मिलिमीटर तरी लागतात, मराठीला मी 7 च्या खाली जात नाही, कारण आपल्याला वर वेलांटी रफार, खाली उकार, आणि अनुस्वार तर लहान काढला की नुसती गाठ होते. एक मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ मॅटीच्या जाळीत बुडून जाते.

म्हणून एम्ब्रॉयडरीसाठी लोगोच वेगळा बनवा. बाप्पाची सोंड, कान, मुकुट एवढंच जाड रेषेत, चिमणी, आणि खाली एका ओळीत मंडळाचं बोलायचं छोटं नाव. गोल भरू नका, टीशर्टचाच रंग मागे राहू दे. भरला तर टाके वाढतात, पैसे टाक्यांच्या हजारावर असतात, आणि पातळ कपडा चुण्या पडून पुठ्ठ्यासारखा कडक होतो. पूर्ण नाव आणि स्थापना वर्ष पाठीवर प्रिंट करा, तिथे ते छातीपेक्षा मोठंच दिसेल, काकांना दाखवा, आवडेल.

गिरणगावकर:
ताई पाठीवरची आयडिया खरंच पटली, आज मीटिंगला मांडतो. पण खालच्या ओळीत शिरोरेषा सलग येईल ना? एका पथकाच्या टीशर्टवर प्रत्येक अक्षर सुटं दिसत होतं. आणि हीच फाईल टोप्यांना चालेल का?

सुईदोरा:
टाका ओढला गेला की अक्षर थोडं आखडतं, त्यामुळे अक्षरागणिक शिरोरेषा काढली तर मधे फट पडते. पंचिंगवाल्याला स्पष्ट सांगा, आधी सगळी अक्षरं, मग वरून एकच सलग शिरोरेषा. टोपीला ती फाईल नाही चालणार, टोपीवर मधून सुरू करून बाहेर जावं लागतं, वेगळं पंचिंग करा. डीएसटी ताणून लहानमोठी करू नका, टाके विरळ होतात नाहीतर चोंदतात. आणि डीएसटीत रंग सेव्ह होत नाहीत, दोऱ्याचे शेड नंबर कागदावर लिहून द्या. सॅम्पल तुमच्याच मॅटीच्या टीशर्टवर मागा, तो एक धुऊन बघा, मग 25 ला हो म्हणा.

कोरलवाला_दादर:
फाईल आली की व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नको. आणि कमिटीच्या दोघांच्या मेलवर पण टाकून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी परत शोधाशोध नाही.