इंग्रजीत 'साउथ पॅसिफिक'च्या आधी 'द' लावायचा का?

निळाशाई: एक ट्रॅव्हल आर्टिकल इंग्रजीत लिहितेय, हवाई आणि फिजी दोन्ही बेटांवर. 'आयलंड्स इन साउथ पॅसिफिक' असं लिहिलं तर चालेल का? आणि एस कॅपिटल की स्मॉल?

खारावारा: 'इन द साउथ पॅसिफिक' लिही. महासागराच्या नावाला 'द' लागतोच, पुढचं 'ओशन' गाळलं तरी. एस आणि पी दोन्ही कॅपिटल, कारण ते ठरलेलं नाव आहे. पण 'वेस्टर्न पॅसिफिक'मधला डब्ल्यू बहुतेक ठिकाणी स्मॉल दिसेल, तिथे नुसती दिशा सांगायची असते ना.

नकाशेवाला: अगं पण व्याकरण राहू दे, हवाई साउथ पॅसिफिकमध्ये नाहीच! सीमा विषुववृत्ताची, हवाई साधारण २० अंश उत्तरेला, म्हणजे नॉर्थ पॅसिफिक. फिजी, सामोआ, टोंगा दक्षिणेत. दोन्ही एकत्र घ्यायची तर सरळ 'द पॅसिफिक' लिही.

निळाशाई: अरे बापरे, थँक्स! मग 'सदर्न ओशन' म्हणजे पण हेच का?

नकाशेवाला: छे, तो अंटार्क्टिकाभोवतीचा, साधारण ६० अंश दक्षिणेच्या खाली. नॅशनल जिओग्राफिकने २०२१ पासून नकाशात वेगळा दाखवायला घेतला. फिजीला त्यात ढकलू नकोस :)