डिझायनरचा अंदाज की युजर रिसर्च, ऐकायचं कुणाचं?

आमचे सिनियर डिझायनर म्हणतात अ‍ॅपची स्क्रीन बघितली की मला लगेच कळतं चालणार की नाही, आणि रिसर्चवाली मंडळी म्हणतात युजरला विचारल्याशिवाय बटण पण हलवायचं नाही, ह्या भांडणात रिलीज लटकलंय. तुमच्याकडे कसं ठरतं?

प्रतिसाद १
नुसतं विचारून काही होत नाही हो. कोका-कोलाने १९८५ मधे जवळपास २ लाख लोकांना चव देऊन बघितली, नवीन चव जिंकली पण, आणि बाजारात आणल्यावर लोक एवढे भडकले की तीन महिन्यांच्या आत जुना कोक परत आणावा लागला. घोटभर चवीवरून जुनं काढून घेतल्यावर काय होईल ते थोडीच कळतं!

प्रतिसाद २
म्हणून रिसर्चच नको असं नाही ना. विचारू नका, वापरताना बघा. वेबसाइट वापरायला सोपी कशी करायची याचा तज्ज्ञ याकोब निल्सन, त्याने २००० मधेच लिहिलंय की ५ जणांवर टेस्ट केली तरी बहुतेक अडचणी दिसतात, त्याला कितीसा वेळ लागतो? आणि सिनियरचा अंदाज लॉगिन-पेमेंटसारख्या शंभरदा केलेल्या गोष्टीत चालतो, कारण चुकलं की लगेच कळलेलं असतं. डॉक्टरांसाठी किंवा कमी दिसणाऱ्यांसाठी अ‍ॅप असेल तर तोच अंदाज म्हणजे निव्वळ तुक्का.

प्रतिसाद ३
+१. फक्त टेस्ट करायच्या आधी सिनियरना त्यांचा अंदाज लिहून द्यायला सांगा, मग बघा मजा 😄