दिव्यांग भावासाठी ट्रस्ट करावा की नुसतं मृत्युपत्र? (तह. काटोल, ९ एकर)

संत्रापट्टा
वडील ७४ वर्षांचे, आई हयात. एकूण ९ एकर. त्यातली ५ एकर आजोबांकडून आलेली आणि ४ एकर वडिलांनी १९९१ मध्ये खरेदीखतानं घेतलेली. या ४ एकरात संत्र्याची बाग आहे, विहीरही त्यातच. दोन मुलगे, एक मुलगी, तिचं लग्न झालेलं. धाकटा ३१ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग, व्यवहार समजत नाही. बँकेत १४ लाखांची एफडी. वडिलांच्या मनात बाग मोठ्याला, घर आईला आणि एफडी धाकट्यासाठी असं आहे. तहसीलसमोरचा अर्जनवीस म्हणतो, "शंभरच्या स्टॅम्पवर लिहून देतो, बहिणीचं हक्कसोड आत्ताच घेऊन टाका." एवढ्यानं भागते का?

धुरेकरी
मृत्युपत्राला स्टॅम्प लागतच नाही, कोरा कागद चालतो. घोळ होतो तो साक्षीदारांपाशी. १९२५ च्या उत्तराधिकार कायद्याचं कलम ६३ असं की वडिलांनी सही किंवा अंगठा करायचा, तो किमान दोघांनी पाहायचा आणि त्या दोघांनी वडिलांसमोरच आपल्या सह्या करायच्या. प्रत्यक्षात अंगठा सकाळी घरी होते आणि साक्षीदारांच्या सह्या संध्याकाळी पानटपरीवर. पुढे वाद झाला की एक तरी साक्षीदार कोर्टात उभा करावा लागते, आणि उलटतपासणीत नेमकं हेच बाहेर येते. म्हणून साक्षीदार वडिलांपेक्षा वयानं बरेच लहान, गावातच राहणारे आणि वाटा न मिळणारे घ्या. बाग मोठ्याला जायची असेल तर मसुदा करून घेणं, साक्षीदार आणणं यात त्यानं पडू नये. कोर्टाला पहिला संशय तिथंच येतो.

नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करूनच घ्या. शुल्क १०० रुपये, वरून पानांचा हाताळणी खर्च. त्याच तारखेचं डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडा, वडील भानावर आहेत आणि त्यांना समजते असं.

आता वावराचं. "माझी बाग मोठ्याला" एवढं लिहून चालत नाही. मौजा, गट नंबर, हेक्टर-आर, चतुःसीमा सगळं सातबाऱ्याशी जुळवून घ्या. विहीर बागेत आहे, म्हणजे बाग गेली की उरलेल्या ५ एकरांचं पाणीही गेलं. पाण्याच्या पाळ्या, पाइपलाइन, मोटारीचं बिल कोणी भरायचं, ट्रॅक्टर कोणत्या धुऱ्यानं (बांधानं) जाईल, धुऱ्यावरचे साग कोणाचे, हे एकेका ओळीत लिहा. भावाभावांत भांडण एकरावरून कमी अन् धुऱ्यावरूनच जास्त होते. सातबाऱ्याच्या इतर हक्कात पीककर्जाचा बोजा असेल तर तो कोणी फेडायचा तेही लिहा, कारण जमीन बोज्यासकटच जाते.

फेरफार_६ड
हक्कसोडाचा सल्ला निम्मा चुकीचा आहे. १९९१ ची ४ एकर वडिलांच्या स्वतःच्या खरेदीची. ते हयात असेपर्यंत मुलीला त्यात हक्कच नाही, मग सोडणार काय? आज केलेलं ते हक्कसोड टिकत नाही. ही जमीन वडील मृत्युपत्रानं कोणालाही देऊ शकतात.

खरा प्रश्न ५ एकरांचा आहे. आजोबा कधी वारले आणि त्यांच्या हयातीत वाटणी झाली होती का, हे आधी शोधा. जुने फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या नोंदी) तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. आजोबांची ती स्वतःची कमाई असेल आणि ते १९५६ नंतर मृत्युपत्राविना वारले असतील, तर वडिलांच्या हाती आलेला हिस्सा त्यांचा स्वतंत्र धरला जातो (सुप्रीम कोर्ट, १९८६, चंदर सेन). जमीन एकत्र कुटुंबाची निघाली तर वडील, आई, दोन मुलगे, मुलगी असे पाच सारखे हिस्से होतात आणि वडिलांना फक्त आपल्या १ एकराचंच मृत्युपत्र करता येते. मुलीचा हक्क जन्मतःच असतो, हे सुप्रीम कोर्टाच्या विनीता शर्मा निकालानं (२०२०) पक्कं केलं आहे. तिला या पाच एकरातला हिस्सा खरंच सोडायचा असेल तर ते नोंदणीकृत हक्कसोडानंच होते, नोटरी करून नाही.

लाभार्थी
धाकट्याबद्दल. एफडीवर मोठ्याचं नाव नॉमिनी म्हणून टाकून मोकळे होऊ नका. नॉमिनी पैसे उचलतो, मालक होत नाही. पैसे सरळ धाकट्याच्या नावावर ठेवले तर सही कोण करणार? आईवडील नैसर्गिक पालक असतात ते १८ वर्षांपर्यंतच. पुढे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करावा लागते. तो वडील असतानाच करा, बौद्धिक दिव्यांगत्व त्या कायद्यात बसते.

ट्रस्ट इथंच कामाचा. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवतात तो सार्वजनिक न्यास, हा खाजगी आहे. १८८२ चा भारतीय न्यास कायदा याला लागू होतो आणि मृत्युपत्रातूनच तो करता येते. त्यात लिहा: एफडीची रक्कम ट्रस्टींकडे, व्याजातून धाकट्याचं जेवण, औषध, कपडे, मुद्दल फक्त मोठ्या आजारात. ट्रस्टी दोन, त्यातली एक बहीण असावी, आणि कोणी नाही म्हटलं किंवा वारलं तर पर्यायी नाव. वर्षातून एकदा हिशेब दुसऱ्या भावंडाला दाखवायचा. धाकट्यानंतर उरलेली रक्कम कोणाला, हे गाळलं तर पुन्हा वारसांचाच वाद. जमीन मात्र ट्रस्टमध्ये टाकू नका. शेतकरी असण्याचा प्रश्न, फेरफार, पीककर्ज सगळीकडे अडते. मोठ्याला बाग देताना त्या उत्पन्नातून वर्षाला ठरावीक रक्कम ट्रस्टला द्यायची अट घाला.

संत्रापट्टा
घर आईला हयातभर, नंतर धाकट्याला, असं चालेल? नमुना ८ वडिलांच्याच नावावर आहे.

फेरफार_६ड
नमुना ८ हा ग्रामपंचायतीचा कराचा उतारा, मालकीचा पुरावा नाही. सनद किंवा खरेदीखत शोधा.

"घर पत्नीस दिले, तिच्यानंतर मुलास" असं लिहिलं तर पहिल्याच शब्दांनी पूर्ण मालकी आईकडे जाते आणि पुढचा भाग गळतो. "हयातीपर्यंत राहण्याचा व वापराचा हक्क, विक्री वा गहाण करण्याचा अधिकार नाही, मालकी अमुकची" असं स्पष्ट हवं. त्यातही, तिचा पोटगीचा जुना हक्क म्हणून घर दिलं असं कुठं ध्वनित झालं, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४(१) नं तो मर्यादित हक्क पूर्ण मालकीचा होऊ शकते. म्हणून त्या ओळीत पोटगीचा उल्लेखच नको.

मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे नोंदीचा अर्ज द्या, सोबत मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्राची प्रमाणित प्रत. हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते. हरकत आली की नोंद विवादग्रस्त होते आणि महसूल अधिकाऱ्यापुढे सुनावणी लागते. मूळ प्रत हातची सोडू नका.