मदत हवी आहे: राजापूरकडच्या लहान कारखान्यात शिकलेली मुले टिकवावीत कशी?

नमस्कार.

राजापूर तालुक्यात आमचा आंबा आणि कोकम प्रक्रियेचा लहान कारखाना आहे. हंगामी मनुष्यबळाची फारशी चिंता नसते. फळे धुण्या-कापण्यासाठी आसपासच्या वाड्यांतील बायका येतात आणि बागांच्या राखणीला जशी नेपाळी माणसे येतात, तशी अवजड कामालाही बाहेरची माणसे मिळतात. अडते ते वर्षभराच्या जागांवर: प्रयोगशाळेतील तपासणीसाठी रसायनशास्त्राचा पदवीधर, यंत्रदुरुस्तीसाठी फिटर आणि प्रमाणपत्र असलेला बॉयलर अटेंडंट. आयटीआय झालेला मुलगा हात बसेपर्यंत राहतो, अनुभवाचा दाखला घेतो आणि चाकण, तळोजे किंवा थेट आखाताची वाट धरतो.

हुशार मुलांची इथे वाण नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचे कोकण मंडळ दहावीच्या निकालात २०१२ पासून दरवर्षी राज्यात अव्वल येते. मात्र २०११ च्या जनगणनेत या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा घटलेली दिसली होती.

पगार हे याचे एक कारण आहेच, परंतु मुंबईतील खोलीभाडे आणि लोकलचा खर्च वजा केला, तर आमच्या आणि तिथल्या पगारात मुलांच्या हाती उरणाऱ्या रकमेचा फरक फार राहत नाही, हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवले आहे. त्यांना ते पटतेही. तरीही ती जातात, कारण गावात नोकरी करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. स्थळ बघताना मुलाचे काम काय हे विचारण्याआधी तो मुंबई-पुण्यात राहतो का, हे विचारले जाते आणि ज्या घरातला मुलगा गावीच राहावा असे आईवडिलांना वाटते, तेच आपल्या मुलीसाठी शहरातला जावई शोधतात. (आमच्या नात्यातही हेच चालते, त्यामुळे इतरांना काय बोलणार?) मुलींच्या बाबतीत परिणाम उलट दिशेने तोच होतो: प्रयोगशाळेत तयार झालेली मुलगी लग्न ठरताच राजीनामा देते.

शिकाऊ उमेदवारांच्या विद्यावेतनाचा काही भाग सरकार देते. त्याने सुरुवातीचा काळ निभावतो, पुढचा नाही. मुलांची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घ्यावीत, असे एका परिचित उद्योजकांनी सुचवले; ते मला अन्यायाचे वाटते आणि तसे मी करणार नाही.

म्हणून आता विशीतल्या मुलांऐवजी चाळिशीच्या आसपासच्या, गावी घर असलेल्या चाकरमान्यांना परत आणावे, असा विचार चालू आहे. २०२० च्या टाळेबंदीत असे अनेक जण आले होते. मुलांची शाळा आणि पत्नीची नोकरी यांमुळे बहुतेक परत गेले. पतिपत्नी दोघांनाही काम देऊन कोणी अशी कुटुंबे टिकवली आहेत काय? गणपतीत सगळा गाव भरलेला असताना ही बोलणी करावीत, की सुट्टीवर आलेला माणूस नोकरीचे ऐकूनच घेत नाही? लग्न होऊन जवळच्या गावांत आलेल्या शिक्षित सुनांना फिटर किंवा बॉयलरच्या कामासाठी तयार करण्याचा प्रयोग कोणी केला असल्यास पाळ्या, येण्याजाण्याची वाहनसोय आणि सासरच्यांची संमती हे सगळे कसे जमवले, ते कृपया सविस्तर लिहावे. आंब्याच्या हंगामापूर्वी माणूस तयार व्हायचा, तर भरती दिवाळीपर्यंत उरकावी लागेल.