मदत हवी आहे: 'दोरोरो'नंतर काय वाचू?

मंडळी, जपानी मांगा (चित्रकथा) वाचणाऱ्यांकडून सल्ला हवाय. ओसामु तेझुका यांची 'दोरोरो' वाचून संपवली आणि ती डोक्यातून जातच नाहीये. १९६७ साली सुरू झालेली ही मालिका. सत्तेच्या हव्यासापायी एक सामुराई सरदार पोटच्या पोराचे ४८ अवयव ४८ राक्षसांना देऊन टाकतो. नदीत सोडलेलं ते पोर एक वैद्य वाचवतो, कृत्रिम हातपाय बसवतो. हाच ह्याक्कीमारू मोठा होऊन एकेक राक्षस मारतो आणि आपलं शरीर परत मिळवत जातो. हातांच्या आत तलवारी! पण मला हादरवलं ते आजूबाजूच्या युद्धानं. जळलेली गावं, उपाशी माणसं, आणि राक्षसापासून सुटका करणाऱ्यालाच हाकलून देणारे गावकरी. राक्षसांपेक्षा त्या गावकऱ्यांचीच जास्त भीती वाटली.

असंच आणखी काय आहे? हिरोआकी सामुरा यांची 'ब्लेड ऑफ द इमॉर्टल' वाचली आहे. मरू न शकणारा मांजी फार आवडला, पण ती मुळात सूडकथा. मला योकाई (जपानी लोककथांतली भुतंखेतं, राक्षस) हवेत, तेही सामुराईंच्या काळातले. 'इनुयाशा'ही झाली आहे.

इंग्रजी अनुवाद मिळणारी, पूर्ण झालेली मालिका असेल तर उत्तम. शाळकरी भाचाही वाचेल, म्हणून रक्तपात कितपत आहे तेही लिहा.

आणि 'दोरोरो'ची २०१९ ची ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका) कोणी पाहिली आहे का? तिथे राक्षस १२ च केलेत. त्यानं कथेची धार कमी होते का?